अमर वेताळाला दाखल क्रमांक द्या

गावच्या सार्वजनिक वाचनालयात पडताळणी झाली की बाद करायच्या गठ्ठ्यात आधी काय पडतं? जुनी मासिकं, मागच्या अभ्यासक्रमाची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि कॉमिक्स. मासिकांसाठी एखादा जुना वाचक निदान कुरकुरतो. कॉमिक्सची बाजू घ्यायला कुणीच उठत नाही. पोरासोरांचं वाचन, पानं सुटलेली, आणि आता तर हे सगळे नायक डब होऊन मोबाइलवर येतात, मग ही धूळ सांभाळायची कशाला? वाशीम असो की गोंदिया, कार्यकारिणीच्या सभेत हा विषय चहा येण्याआधी संपतो.

यातला शेवटचा मुद्दा सगळ्यांत लंगडा आहे. पडद्यावर नायक आला म्हणून त्याचं मूळ पुस्तक निकामी होत नाही. उलट, काही नायकांचा गाभा पडद्यावर येताना नेमका गळून पडतो. याचं सर्वांत बोलकं उदाहरण इंद्रजाल कॉमिक्सनं मराठी घरांत आणलेला वेताळ, म्हणजेच ली फॉक यांचा फँटम. तो अमर आहे, पण त्याचं अमरत्व कसं चालतं हे समजायला पानंच लागतात. म्हणून विदर्भातल्या ज्या वाचनालयांकडे हे अंक अजून शिल्लक आहेत त्यांनी ते रद्दीत न घालता रीतसर दाखल करून घ्यावेत, असं आमचं म्हणणं आहे.

आधी मूळ बघू. फॉक अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसचे. १९३४ साली त्यांनी मँड्रेक जादूगार वर्तमानपत्रांतून सुरू केला आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी फँटमची दैनिक चित्रपट्टी, म्हणजे वर्तमानपत्रातली चौकटींची आडवी चित्रकथा, आली. वितरण किंग फीचर्स सिंडिकेटचं, चित्रं रे मूर यांची. पहिल्या कथेत एक गंमत झाली. फॉक यांच्या मनात फँटम म्हणजे जिमी वेल्स नावाचा शहरातला श्रीमंत, ऐशआरामी तरुण असणार होता. दिवसा रिकामटेकडा, रात्री मुखवट्यातला. कथा छापून येत असतानाच त्यांचं मन बदललं. नायकाला त्यांनी उचलून जंगलात नेलं आणि मागे चारशे वर्षांचा वंश उभा केला. जिमीचं रहस्य तसंच अर्धवट राहिलं. रोज तीन-चार चौकटी छापून जाणाऱ्या माध्यमात मागे जाऊन खोडता येत नाही, त्यामुळे लेखकाचं बदललेलं मन वाचकाला उघड दिसतं. चित्रपटात असा सांधा कधी दिसायचा नाही. पटकथेच्या चौथ्या खर्ड्यातच तो घासून गुळगुळीत झालेला असतो.

हे जंगल कुठलं? सुरुवातीच्या कथांत ते आशियात, हिंदुस्थानाच्या आसपास कुठेतरी होतं. पुढे ते हळूहळू आफ्रिकेकडे सरकलं. फॉक यांनी तेव्हा पूर्वेकडचा एकही देश पाहिलेला नव्हता. त्यांचं जंगल पुस्तकांतून आलेलं. किपलिंगच्या 'जंगल बुक'चं आणि टारझनचं ऋण त्यांनी मान्य केलं आहे, आणि वेताळाच्या सोबत्यांची 'बांदर' जमात सरळ किपलिंगच्या बंदरलोगांमधून उचललेली आहे. किपलिंगनं मोगलीची कथा रचली ती मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या टेकड्यांत आणि वैनगंगेच्या काठी, आणि तोही शिवनीला कधी गेला नव्हता. म्हणजे पेंचच्या पलीकडचं, भंडारा-गडचिरोलीतून वाहत जाणाऱ्या नदीचं रान एका न पाहणाऱ्या लेखकाकडून दुसऱ्या न पाहणाऱ्या लेखकाकडे गेलं, आणि १९६४ नंतर मराठी अक्षरांत छापून वर्धा-बडनेऱ्याच्या रेल्वे स्टॉलवर परत आलं. ही साखळी ज्याला शिकवायची आहे त्याला अंक हातात लागतीलच.

आता अमरत्वाची गोष्ट. सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला, बाप मारला गेला, मुलगा किनाऱ्याला लागला. बांदर लोकांनी त्याला वाचवलं. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात धरून त्यानं शपथ घेतली की चाचेगिरी, हाव, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी मी लढेन आणि माझ्या मुलांचे मुलगेही लढतील. तिथून पुढे बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. बाहेरच्यांना वाटतं, हा तोच, चारशे वर्षं जिवंत असलेला. वर्तमानातला वेताळ हा एकविसावा.

अंगात कसलीही दैवी शक्ती नाही. गोळी लागली तर रक्त येतं आणि मरतोही. म्हणजे अमरत्व हे इथे चोख चालवलेलं एक कारस्थान आहे, आणि फॉक यांनी त्याचा एकेक खिळा नीट ठोकून ठेवला आहे. पोशाख पिढ्यान्‌पिढ्या तोच, अंगाला घट्ट बसणारा. मुखवट्यातून बुबुळं दिसत नाहीत, त्यामुळे डोळ्यांवरून माणूस ओळखता येत नाही. त्याचा उघडा चेहरा पाहणारा भयानक मरणानं मरतो अशी 'जंगलातली जुनी म्हण' पेरलेली आहे. तिच्या भीतीनं कुणी मुखवट्याला हात घालत नाही. उजव्या हाताच्या अंगठीचा कवटीचा ठसा शत्रूच्या जबड्यावर उमटतो आणि जन्मभर जात नाही. पणजोबानं ज्याला ठसा दिला त्याच्या गावात नातवाला काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही. मुलाला शिकायला दूर देशी पाठवायचं, म्हणजे जंगलात दोन वेताळ एकाच वेळी दिसण्याचा प्रश्न येत नाही. मेलेल्याला कवटीगुहेत, म्हणजे वेताळाच्या राहत्या गुहेतच पुरायचं. प्रत्येकानं आपली कामगिरी मोठाल्या वह्यांत लिहून ठेवायची. आणि हे सगळं फक्त बांदर लोकांना ठाऊक.

मठाची गादी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजायला जड जाणार नाही. माणूस बदलतो, गादी चालू राहते. फरक एवढाच की गादीवर नवा माणूस बसतो तेव्हा चार गावांना आमंत्रण जातं; वेताळाच्या घरी मात्र ते झाकून ठेवणं हेच मुख्य काम.

त्या वह्यांमुळे लेखकाला दुसरी एक सोय मिळाली. एकविसावा वेताळ गुहेत बसून जुनी वही उघडतो आणि कथा सतराव्या शतकात जाते. जंगल पेट्रोल हे सैन्य सहाव्या वेताळाच्या काळात कसं सुरू झालं, हे असंच कळतं. या पेट्रोलच्या शिपायांना आपला सेनापती कोण ते माहीत नसतं; हुकूम चिठ्ठीनं येतो. फॉक हे १९३६ पासून १९९९ साली मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिले. चित्रकार बदलले: मूर, मग विल्सन मॅककॉय, १९६१ पासून साय बॅरी. साठहून अधिक वर्षांत नायकाचं लग्न १९७७ साली झालं, पुढे जुळी मुलं झाली. बाविसावा कोण, हा प्रश्न मग वाचकाला खरोखर पडू लागला. या नायकाचं अमरत्व काळ सरकल्याशिवाय दिसतच नाही, आणि काळ सरकवायला त्या माध्यमाकडे रोजचं पान होतं.

चित्रपटाकडे असतात दीड-दोन तास. १९४३ साली कोलंबियानं टॉम टायलरला घेऊन १५ भागांची मालिका काढली. ती तुकड्यातुकड्यांनी दर आठवड्याला थिएटरात दाखवली जायची, म्हणून निदान चालीनं तरी चित्रपट्टीच्या जवळची होती. १९९६ साली पॅरामाउंटचा मोठा चित्रपट आला: दिग्दर्शक सायमन विन्सर, वेताळ बिली झेन. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाला अमेरिकेत दोन कोटींचाही गल्ला जमवता आला नाही. पोशाखाला लोक हसले, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. आम्हाला ते वरवरचं वाटतं.

चूक नियमांत होती. मूळ शपथेची कथा त्यांनी सुरुवातीला झटपट उरकली. ते एकवेळ चालेल. पण पुढे मेलेला बाप, म्हणजे विसावा वेताळ, भूत होऊन पडद्यावर येतो आणि मुलाशी बोलतो. ज्या कथेचा सगळा डोलारा 'इथे भूत नाही, फक्त लोकांना तसं वाटतं' यावर उभा आहे, तिच्यात खरंच भूत आणून बसवलं. मग टूगंडाच्या तीन कवट्या: त्या एकत्र आल्या की अफाट शक्ती निर्माण होते. जगात खरीखुरी जादू असेल तर चारशे वर्षं काबाडकष्टानं सांभाळलेल्या कारस्थानाची किंमत काय उरली? ज्याच्याकडे जादू नाही हेच ज्याचं वैशिष्ट्य, तो जादूच्या वस्तूमागे पळणाऱ्या दहा नायकांसारखा अकरावा झाला. बापाच्या जागी मुलगा उभा राहतो तो क्षण या चित्रपटाचा कणा व्हायला हवा होता. तो केव्हाच होऊन गेलेला असतो.

हे माध्यमाचं अटळ दुर्दैव आहे असं नाही. ग्रेग रुका आणि लिआंद्रो फर्नांडेझ यांचं 'द ओल्ड गार्ड' हे कॉमिक २०१७ साली आलं आणि २०२० साली त्यावर चित्रपट झाला. तिथल्या अमर योद्ध्यांचा नियम साधा आहे: जखमा भरून येतात, पण एखाद्या दिवशी पूर्वसूचना न देता भरणं थांबतं. पटकथा रुका यांनीच लिहिली आणि नियम शाबूत राहिला. मार्व्हल या कॉमिक्स कंपनीचा वुल्व्हरिनही असाच जखमा भरून येणारा; त्याचं उलट झालं. तो १९७४ साली हल्क या दुसऱ्या नायकाच्या अंकात आला तेव्हा त्याला भूतकाळच नव्हता. २००० साली त्याचा 'एक्स-मेन' चित्रपट गाजला आणि त्याच्या जन्माची कथा मार्व्हलनं २००१ साली लिहवून घेतली. म्हणजे पडद्यानं कागदाला घाई केली. मूळ अंक आणि चित्रपट शेजारी ठेवल्याशिवाय या गोष्टी दिसत नाहीत, एवढंच सांगायचं आहे.

आणि आपल्याकडे तर मूळ पट्टी आणि चित्रपट यांच्या जोडीला तिसरी पायरी आहे: भारतीय आवृत्ती. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेनं मार्च १९६४ मध्ये सुरू केलं. पहिला अंक वेताळाचाच. आधी मासिक, मग पाक्षिक, शेवटी साप्ताहिक असं ते १९९० पर्यंत चाललं. आठशेहून अधिक अंक निघाले आणि त्यांतले निम्म्याहून जास्त वेताळाचे. १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूरही त्यात आला, चंबळच्या डाकूंशी लढणारा, कुर्ता आणि जीन्स घातलेला. ऑस्ट्रेलियात फ्रू प्रकाशन १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये 'फँटोमेन' १९५० पासून वेताळ छापत आले आहेत. आपल्याकडचं दुकान मात्र १९९० साली बंद झालं, त्यामुळे जे शिल्लक आहे ते घराघरांतल्या पेट्यांत आणि काही वाचनालयांच्या खालच्या फळीवर.

या अंकांत कापाकापी भरपूर आहे, आणि अभ्यासाला तीच खरी मोलाची. वर्तमानपत्राची पट्टी आडवी असते. पुस्तकाचं पान उभं. पट्टीच्या पहिल्या चौकटीत रोज कालचा सारांश असतो, तो पुस्तकात काढावा लागतो, मग चित्र कापायचं, बाजूची चौकट ताणायची, मधली एखादी गाळायची. देवनागरीला वेलांटी-उकारांसाठी ओळीच्या वर आणि खाली जागा लागते, त्यामुळे इंग्रजीच्या मापानं काढलेल्या फुग्यात मराठी संवाद बसवताना वाक्यं छाटावी लागतात. नावांतही बदल झाले. मूळ देश 'बेंगाली', तो भारतीय आवृत्तीत 'डेंकाली' झाला. चाच्यांची टोळी 'सिंग', ती 'सिंगा' झाली. भारतीय वाचकाच्या भावना लक्षात घेऊन संपादकांनी हात फिरवला होता, हे उघड आहे. १९९६ च्या चित्रपटालाही या टोळीचं नाव थोडं वाकवावं लागलं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. गोऱ्या माणसाचा वंश कवटीच्या सिंहासनावर बसून काळ्या लोकांच्या जंगलाचं रक्षण करतो, आणि जंगलातले लोक भोळेपणानं त्याला अमर मानतात. ही कथा मेळघाटातल्या कोरकू किंवा भामरागडातल्या माडिया मुलापुढे कशाला ठेवायची? गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. त्या जिल्ह्यात असला जंगलराजा?

आमचं उत्तर असं की त्याच जिल्ह्यात तो सगळ्यांत चांगला वाचला जाईल. ज्याच्या ग्रामसभेनं जंगलाचा हक्क कागदावर मिळवला आहे तो मुलगा पहिल्या दहा पानांत विचारेल की याला हा अधिकार दिला कुणी. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा प्रश्न पन्नास वर्षं पडला नाही. आणि मालिकाही जागच्या जागी राहिली नाही: पुढच्या दशकांत त्या देशाला स्वातंत्र्य मिळतं आणि डॉ. लामांडा लुआगा हा कृष्णवर्णीय, निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष कथेत येतो. १९४० ची आणि १९७० ची वेताळकथा शेजारी ठेवली तर वसाहतवाद कसा सैल होत गेला आणि कुठे चिकटून राहिला, दोन्ही दिसतं. फेकून दिलेल्या अंकावर टीका करता येत नाही. अर्थात, हे अंक लहान मुलांच्या कपाटात नुसते टाकून देऊ नयेत, एवढी अट आम्हालाही मान्य आहे. हायस्कूलपासून पुढे, आणि सोबत एक पानाचं टिपण असावं.

दुसरा आक्षेप पैशांचा. पोलीस भरती आणि एमपीएससीच्या पोरांना खुर्च्या पुरत नाहीत, तिथे कॉमिक्स? पण शंभर अंकांची थप्पी वीतभर उंच होते. एका लोखंडी कपाटात तीन-चारशे अंक मावतात. खरेदी तर करायचीच नाही. आहे ते जपायचं.

आता खरी अडचण. हे अंक वाचनालयातून जातात ते कुणाच्या द्वेषामुळे नाही, नोंदवहीतल्या रकान्यामुळे. युनेस्कोच्या व्याख्येत पुस्तक म्हणजे मुखपृष्ठ सोडून किमान ४९ पानं. इंद्रजालचा अंक तीसेक पानांचा, वर खंड-अंक क्रमांक छापलेला, म्हणून तो नियतकालिकांत जातो. नियतकालिकं काही काळानं रद्दीत काढायची असतात, म्हणून तोही जातो. यावर उपाय म्हणजे 'विशेष संग्रह' म्हणून स्वतंत्र नोंदवही घालायची. दशांश वर्गीकरणात कॉमिक्सना ७४१.५ हा आकडा आहेच. रकाने एवढे पुरेत: अनुक्रमांक, भाषा, खंड व अंक, तारीख, नायक, पानं किती आहेत आणि कोणती नाहीत, मुखपृष्ठ आहे का, कुणाकडून आला. क्रमांक मऊ पेन्सिलीनं मागच्या आतल्या पानाच्या कोपऱ्यात लिहावा. रबरी शिक्का मारू नये. वर्तमानपत्री कागद शाई पितो आणि शिक्का पलीकडच्या चित्रात उमटतो.

जपणुकीत सर्वांत जास्त नुकसान प्रेमानं होतं. पहिला गुन्हेगार सेलोटेप. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. दुसरा गुन्हेगार लॅमिनेशन. वितळलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही, आणि आतला कागद स्वतःच्या आम्लानं जळतच राहतो. वर्तमानपत्री कागदात लाकडातलं लिग्निन तसंच असतं. प्रकाश आणि उष्णता लागली की तो पिवळा पडून कडकडीत होतो. म्हणून कसर लागलेल्या अंकांना 'ऊन दाखवणं' हा घरगुती उपाय इथे उलटा बसतो. विदर्भाच्या मे महिन्यात टिनाच्या छताखालच्या माळ्यावर ठेवलेले अंक असेच भाजून निघतात, आणि जूनमध्ये दमट हवा लागली की फुगतात. या आकसण्या-फुगण्यात कागद घडीवर तुटतो.

कूलरकडे कुणाचं लक्ष जात नाही. वाचनकक्षात चार महिने वाळ्याचा कूलर चालतो आणि तो खोलीत पाण्याची वाफ सोडत राहतो. कपाट त्याच्या झोतात असेल तर ऐन उन्हाळ्यात बुरशी येते आणि ग्रंथपाल म्हणतो, पाऊस तर पडलाच नाही. कपाट कूलरच्या समोरच्या भिंतीला नको. भिंतीपासून सहा इंच पुढे आणि जमिनीपासून विटेच्या उंचीवर असावं, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही आधी दिसतात. बुरशी आलीच तर ओलं फडकं लावायचं नाही. नाकाला कापड बांधून, उघड्या पण सावलीच्या जागी, कोरड्या मऊ ब्रशनं घडीकडून बाहेरच्या कडेकडे झटकायचं.

गंजलेल्या पिनांचं काम सावकाशीचं आहे. अंक मधोमध उघडायचा, पिनेच्या पायांखाली जाड कागदाचा तुकडा सरकवायचा, बोथट सुरीच्या टोकानं पाय सरळ करायचे आणि मग पाठीकडून चिमट्यानं पिन ओढायची. उलट्या बाजूनं ओढली की गंजलेला पाय पान फाडून निघतो. जुन्याच छिद्रांतून सुती दोरा ओवून गाठ आतल्या बाजूला मारायची. नायलॉनचा दोरा मजबूत असतो, पण तो कागद कापतो.

कसरीवर डांबरगोळ्या टाकण्याची पद्धत आहे. त्यांच्या वासानं वाचणाऱ्याचं डोकं धरतं आणि कागदात दडलेली अंडी तशीच राहतात. त्यापेक्षा किराणा दुकानातला आइस्क्रीमचा डीप फ्रीझर बरा. पंधरा-वीस अंक जाड पॉलिथिनमध्ये गुंडाळून, हवा दाबून काढून, तोंड टेपनं बंद करायचं आणि उणे १८ अंशांखाली दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही. लगेच उघडली तर थंड कागदावर दव धरतं आणि शाई फुटते. भारनियमनात फ्रीझर तासन्‌तास बंद राहिला तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, कारण थंडी हळूहळू कमी-जास्त झाली की किडा तिला सरावतो.

साठवणीला पीव्हीसीची मऊ पिशवी टाळावी. ती चिकट होते आणि शाई ओढून घेते. रेडिमेड शर्टाच्या पॅकिंगची करकरीत पारदर्शक पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते, ती चालते. मापानं अंकापेक्षा अर्धा इंच मोठी, तोंड उघडं. अंक आडवे ठेवायचे, एका थप्पीत वीसपेक्षा जास्त नाहीत. उभे ठेवले की मधून वाकतात.

वाचायला मूळ प्रत द्यायचीच नाही, आणि कायदा इथे ग्रंथालयाच्या बाजूनं आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचं कलम ५२ दोन मुभा देतं. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर, ज्याची छापील प्रत ग्रंथालयाकडे आहे असं साहित्य जतनासाठी डिजिटल रूपात साठवता येतं. याचा अर्थ ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता येतं असा नाही. वेताळाचे हक्क जिवंत आहेत आणि त्याच्या मालकांना ते चांगले ठाऊक आहेत.

स्कॅन ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांवर करावा. छपाईचे रंग बारीक ठिपक्यांनी बनलेले असतात. कमी रिझोल्यूशनला ते ठिपके स्कॅनरच्या जाळीशी भिडतात आणि वेताळाच्या छातीवर लाटा उमटतात. पानामागे काळा कागद ठेवला की पलीकडची छपाई वर येत नाही. स्कॅनर नसेल तर मोबाइल स्टँडवर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, फ्लॅश बंद.

अंक जमा करायचा हंगाम दसरा ते दिवाळी. साफसफाईत घराघरांतून रद्दी निघते ती याच दिवसांत, आणि भंगारवाला किलोनं घेऊन जातो. नवरात्र उठलं की ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शाळेत सूचना लावावी, घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगावं, आणि रद्दीचाच भाव देण्याची तयारी ठेवावी. फुकट मागितलं की लोक 'बघू' म्हणतात. मुखपृष्ठ नसलेला, मधलं पान गेलेला अंकही घ्यावा. दोन अपुऱ्या प्रतींतून पुष्कळदा एक पूर्ण अंक वाचायला मिळतो. फक्त त्या एकत्र शिवू नयेत, एकाच पिशवीत ठेवाव्यात आणि कोणतं पान कोणत्या प्रतीत आहे ते नोंदवहीत लिहावं.